मिरचीच्या नावाचा धनी

शिरूरच्या किंवा दौंडच्या आठवड्याच्या बाजारात हिंडणाऱ्याला तिखटाची ओळ जवळ आली हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. गोणपाटांवर वाळक्या मिरच्यांचे ढीग रचलेले असतात. एखादा ढीग गर्द किरमिजी व सुरकुतलेला, एखादा तकतकीत लाल, तर एखादा बोटाच्या पेराएवढ्या बारीक मिरच्यांचा. वर्षाचे तिखट करून ठेवण्यासाठी आलेल्या बायका ढिगापुढे टेकतात, एखादी मिरची मोडून पाहतात, हुंगतात आणि विचारतात, "ही ब्याडगीच ना? का नुसती तशी दिसते?" विक्रेता शपथेवर सांगतो, "ब्याडगीच आहे, मावशी. रंग बघा की!" मावशींची शंका पुरती फिटत नाही. परंतु आंबा चाखून घेता येतो तशी मिरची चाखून घेता येत नाही. अखेर त्या नावावर विश्वास ठेवतात व पैसे मोजतात.

एवढा विश्वास ज्याच्यावर टाकावयाचा ते नाव आले कोठून, ते कोणी दिले, आणि ते वापरण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्यासाठी देशात निरनिराळे कायदे करावे लागले आहेत.

ढिगांची नावे नीट ऐकली तर त्यांत अनेक तऱ्हा आढळतात. ब्याडगी हे कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील गाव. शिरूरपासून ते चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. संकेश्वरी मिरचीचे संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात आहे. लवंगीला मात्र गाव नाही. लवंगेसारखा बारीक, लहानसा आकार हेच तिचे नाव झाले. आंध्रातील गुंटूरकडून 'सन्नम' मिरची येते. 'सन्नम' ह्या तेलुगू शब्दाचा अर्थ बारीक किंवा सडपातळ असा आहे. हिरव्या मिरचीत प्रसिद्ध असलेली 'ज्वाला' ही कोणा खेडुताने नाव दिलेली मिरची नव्हे. तिचे पूर्ण नाव 'पुसा ज्वाला' असून ती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झाली. ही संस्था प्रथम बिहारातील पुसा ह्या गावी होती. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची फार हानी झाली, तेव्हा १९३६ मध्ये ती दिल्लीस हलविण्यात आली. येताना तिने जुन्या गावाचे नाव बरोबर आणले. म्हणून दिल्लीत जन्मलेली मिरचीही पुसाचीच म्हणवली जाते! राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुले ह्यांचे नाव आहे. तेथील एका मिरचीचे नाव 'फुले ज्योती' असे ठेवण्यात आले.

किंबहुना 'मिरची' हा शब्दच मुळी उसना आहे. मिरचीचे माहेर अमेरिका खंडात. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला तो मिरीच्या शोधात. मिरी त्याला मिळाली नाही, पण तिच्यासारखेच जिभेला झोंबणारे एक फळ मिळाले. पुढे पोर्तुगीज खलाशांच्या गलबतांतून ते फळ भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. येथील लोकांना मिरी परिचित होती. तेव्हा नव्या पाहुण्याचे नाव मिरीवरूनच पडले, आणि इंग्रजांनीही आपल्या भाषेत हीच चूक केली. मुंबईकडे जुन्या काळी मिरचीला 'गोवाई मिरची' असेही म्हणत असत, कारण ती गोव्याकडून येई. म्हणजे वस्तू अमेरिकेची, आणणारे पोर्तुगीज, आणि नाव मात्र गोव्याचे. आज जी मिरची महाराष्ट्राच्या ठेच्याची जणू जन्मसखी वाटते, तिला येथे येऊन अवघी चारपाच शतके झाली आहेत.

गावाच्या नावाने मिरची ओळखली जाते ह्यास सबळ कारण असते. ब्याडगी मिरचीचा रंग अतिशय गडद, पण तिखटपणा बेताचा. त्यामुळे भाजीला रंग यावा आणि जीभ भाजू नये असे वाटणाऱ्यास ती प्रिय होते. तिच्यातील रंगद्रव्य काढून ते खाद्यपदार्थांत व प्रसाधनांतही वापरतात. हा गुण एका दिवसात आलेला नाही. त्या भागातील माती, हवा, आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या झाडाचे बी राखून ठेवणारे शेतकरी ह्या सर्वांचा त्यात वाटा आहे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची गोष्टही अशीच. तेथील लाल मिरचीने विदर्भात नाव मिळविले. मिरची वाळवावयाची, तिचे देठ खुडावयाचे, ती निवडून पोत्यांत भरावयाची, ह्या कामांवर तेथील कित्येक बायकांचे हात वर्षानुवर्षे चालत आले. मिरची खुडणाऱ्या बाईच्या हातांची आग रात्री घरी गेल्यावरही शमत नाही. बाजारातील ढिगावर तिचे नाव कोठेही नसते.

आता एखाद्या चतुर व्यापाऱ्याने दुसरीकडील स्वस्त मिरची पोत्यात भरली आणि वर 'भिवापुरी' असे लिहिले, तर काय होईल? गिऱ्हाईक फसेल हे तर उघडच आहे. पण त्याहूनही मोठी हानी भिवापूरच्या शेतकऱ्याची होईल. त्याची अस्सल मिरची त्याच नावाच्या नकली मिरचीपुढे महाग ठरून पडून राहील, आणि नकली मिरचीचा वाईट अनुभव आला म्हणजे लोक भिवापूरलाच नावे ठेवतील. नाव कमावणारा एक आणि ते खर्चून टाकणारा दुसरा, असा हा प्रकार होय.

ह्या अन्यायाला आळा घालण्यासाठी भारताने १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. ह्या कायद्याची कचेरी चेन्नईस आहे. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक तिच्या भूमीशी जोडलेला आहे हे तेथे पुराव्यानिशी दाखविले, तर त्या भूमीचे नाव त्या वस्तूसाठी नोंदले जाते. नागालँडच्या मिरचीला हे मानांकन २००८ मध्ये, ब्याडगीला २०११ मध्ये, भिवापूरला २०१६-१७ ह्या वर्षात मिळाले. गोव्याच्या काणकोण भागातील खोला गावच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात पिकणाऱ्या मिरचीचे नाव २०१९ मध्ये नोंदले गेले. पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर पुरंदरच्या अंजिराला असेच मानांकन आहे.

ह्या कायद्यात एक मोठी मौज आहे. घर विकता येते, बैल विकता येतो, पण नोंदलेले भौगोलिक नाव कोणालाही विकता येत नाही. ते कोणा एकाच्या मालकीचे नसून त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते. भिवापूरच्या प्रदेशात नियमाप्रमाणे ती मिरची पिकविणारा लहान शेतकरीही आपली नोंद करून ते नाव लावू शकतो. आणि मुंबईचा लक्षाधीश, त्याने कितीही पैसे मोजले तरी, दुसऱ्या मिरचीस ते लावू शकत नाही. नोंदणी दहा वर्षे चालते, व पुढे ती पुन्हा पुन्हा वाढविता येते.

परदेशांत नावांचे वेगळे खेळ झालेले आहेत. 'तबास्को' हे मेक्सिकोतील एका राज्याचे नाव. तेथील नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिरचीचे झणझणीत पातळ तिखट अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात एडमंड मॅकिलहेनी ह्या गृहस्थाने १८६८ मध्ये बाटल्यांत भरून विकावयास प्रारंभ केला. पुढे त्या नावावर त्यांच्या कंपनीचे व्यापारचिन्ह म्हणून हक्क प्रस्थापित झाला. आज जगातील बहुतेक लोकांना तबास्को म्हटले की राज्य आठवत नाही, बाटली आठवते!

व्यापारचिन्ह आणि भौगोलिक नाव ह्यांतील भेद येथे ध्यानात येतो. भौगोलिक नाव प्रदेशाचे असते, तर व्यापारचिन्ह एका धंदेवाल्याचे. हा माल अमक्याने बनविला व तोच त्यास जबाबदार, एवढेच ते सांगते. मसाल्याच्या पुडीवरील कंपनीचे नाव वा चित्र हे तिचे व्यापारचिन्ह. ते मालक विकू शकतो, भाड्यानेही देऊ शकतो. त्यात गैर काही नाही. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही आपल्या नावाचे संरक्षण हवेच असते. गोंधळ होतो तो हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले म्हणजे, आणि बियाण्याच्या दुकानात तो फार होतो.

भीमेच्या काठचा एखादा शेतकरी मिरचीच्या लागवडीसाठी बी घ्यावयास दौंडला जातो. दुकानात रंगीत पुड्यांची आरासच असते. त्याला वाणाचे नाव बहुधा सांगता येत नाही. तो म्हणतो, "मागल्या साली नेली होती तीच द्या, लाल मिरचीचं चित्र होतं त्यावर." दुकानदार हसतो, कारण लाल मिरचीचे चित्र सगळ्याच पुड्यांवर आहे. तेव्हा पुडी उलटून मागील बारीक अक्षरे वाचणे हाच उपाय होय. तेथे वाणाचे नाव, गट क्रमांक, तपासणीची तारीख आणि उगवणशक्ती छापलेली असते. मिरचीच्या बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी असा दंडक आहे. पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत असते ते बहुधा व्यापारचिन्ह. 'ज्वाला' हा सार्वजनिक संस्थेचा वाण अनेक जण विकतात. चिन्हे वेगळी, आतील मिरची एकच. शेतकऱ्याच्या कामाचे नाव ते मागचे, बारीक अक्षरांतले.

नव्या वाणाला नाव देण्याविषयीही नियम आहेत. २००१ मध्ये भारताने पीक वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क ह्यांसंबंधी कायदा केला. नवा वाण काढणाऱ्याला त्याची नोंद करता येते, आणि मिरचीसारख्या पिकाच्या बाबतीत पंधरा वर्षेपर्यंत त्या वाणाचे बी तयार करण्याचा व विकण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. परंतु नोंद करताना त्याला वाणाचे एक नाव सांगावे लागते. ते नुसत्या आकड्यांचे चालत नाही. ते लोकांची दिशाभूल करणारे नसावे. त्यात गावाचे वा प्रदेशाचे नाव असेल, तर ते प्रामाणिकपणे वापरले आहे अशी निबंधकाची खात्री पटावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, वाणाला दिलेले नाव नंतर व्यापारचिन्ह म्हणून नोंदता येत नाही. ह्याचे कारण सरळ आहे. वाणाचा हक्क पंधरा वर्षांनी संपतो, पण व्यापारचिन्हाचा हक्क दर दहा वर्षांनी वाढवीत कितीही काळ चालविता येतो. उद्या वाण सर्वांना खुला झाला आणि त्याचे नाव मात्र एकाच्याच तिजोरीत राहिले, तर इतरांनी तो वाण कोणत्या नावाने विकावा?

असे नावाचे भांडण मिरचीच्या बाबतीत प्रत्यक्ष घडलेले आहे. तिखटपणा मोजण्याची एक रीत विल्बर स्कोव्हिल ह्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये काढली. त्या मापाने आसाम-नागालँडकडील भूत जोलोकिया मिरचीचा तिखटपणा दहा लाखांवर भरला, व २००७ मध्ये ती जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेसच्या विक्रमांत नोंदली गेली. तिच्या नावातील पहिला शब्द 'भूत' की भूतानकडचा अशा अर्थाचा 'भोट', ह्याविषयी अजूनही वाद चालतो. खाणाऱ्याला मात्र भूतच पटते. पुढे एड करी ह्या अमेरिकन गृहस्थाने 'कॅरोलिना रीपर' नावाची मिरची काढली. २०१३ मध्ये तिचे सरासरी माप १५,६९,३०० भरले. तिच्या नावासाठी त्याने व्यापारचिन्हही घेतले. परंतु तोवर तिचे बी जगभर पोहोचले होते, आणि त्याची परवानगी न घेता तिचे नाव लावून सॉस व मसाले विकणारे पुष्कळ निघाले. ह्या अनुभवाने शहाणा होऊन त्याने 'पेपर एक्स' ही आपली पुढची मिरची कित्येक वर्षे कोणाच्या हाती पडू दिली नाही. २०२३ मध्ये २६,९३,००० ह्या मापाने तिने विक्रम केला. तेव्हाही तिचे बी त्याने बाजारात आणले नाही. नाव राखता येत नसेल तर बी राखावे, असा त्याचा हिशेब दिसतो. व्यापाराच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र सर्वच शेतकऱ्यांनी पूर्वीपासून असे केले असते तर मेक्सिकोतील मिरची शिरूरपर्यंत कधी पोहोचलीच नसती.

आपल्याकडे बी देऊन टाकणाऱ्या एका माणसाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्याचे पीक मात्र भात होते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड ह्या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी राहत. १९८३ मध्ये 'पटेल ३' ह्या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी वेगळे पेरले, आणि कित्येक हंगाम निवड करीत करीत एक बारीक, सुवासिक तांदूळ सिद्ध केला. त्या तांदळाला नाव पडले 'एचएमटी'. हे नाव त्या काळी घरोघरी ठाऊक असलेल्या मनगटी घड्याळाचे! दादाजींनी बी मागेल त्याला दिले. वाण दूरवर पसरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तो शुद्ध करून 'पीकेव्ही एचएमटी' ह्या नावाने प्रसृत केला. नावात घड्याळ आले, विद्यापीठ आले. दादाजी आले नाहीत. शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदाच त्या वेळी नव्हता. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, परंतु तोवर त्यांचा तांदूळ अनेक गिरण्यांत भरडून निघत होता. २०१८ मध्ये ते निवर्तले.

आज कायदा आहे, आणि त्यात शेतकऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. आपल्या शेतातील बी राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्यास देणे, त्याची अदलाबदल करणे व ते विकणे हा त्याचा हक्क मान्य केलेला आहे. वाण दुसऱ्याच्या नावे नोंदलेला असला तरीही. मर्यादा एकच: तसे बी पुडीत भरून, त्यावर त्या संरक्षित वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून त्याला विकता येत नाही. बी त्याचे, नाव दुसऱ्याचे. शिवाय शेतकऱ्यांनी परंपरेने जोपासलेला वाण त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदता येतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. अशी बियाणी सांभाळणाऱ्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे ह्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वांस ठाऊक आहेच.

कल्पना करावी की, शिरूर तालुक्यातील एका आजीकडे अशी एक मिरची आहे. तिच्या सासूने ती तिला दिली. दरवर्षी पहिल्या तोड्यातील टपोरी, निरोगी फळे झाडावरच लाल होऊ द्यावयाची, वाळवावयाची, आणि बी राखेत कालवून गाडग्यात ठेवावयाचे, हा तिचा नेम. लेक भीमेपलीकडे दौंड तालुक्यात दिली, तिच्याबरोबर तेच बी गेले. आता नातू म्हणतो, "आजी, आपल्या मिरचीची नोंद करू या." अर्ज समोर येतो. त्यात वाणाच्या नावाचा रकाना आहे. नातू प्रथम 'शिरूर मिरची' लिहितो. मग त्याला आठवते की ती दौंडच्या आत्याकडेही पिकते, आणि शिरूरच्या इतर वावरांत तर दुसरीच मिरची आहे. तो ते खोडतो. 'आजीची मिरची' लिहावे, तर आजी घरोघर आहेत. 'लवंगी' हे नाव पूर्वीच रूढ झालेले. '१०१' लिहावे, तर नुसते आकडे चालत नाहीत.

आजी हे सारे ऐकत ऊन खात बसलेली असते. तिला दुसरीच चिंता. बांधापलीकडे शेजाऱ्याने यंदा संकरित मिरची लावली आहे. मधमाश्या बांध ओळखत नाहीत. तिकडचे पराग इकडच्या फुलांवर आले की पुढल्या वर्षीचे बी मिसळ निघणार. प्रमाणित बियाण्याच्या शेतात दोन वाणांमध्ये किमान २०० मीटर अंतर ठेवतात. आजीचे सारे वावरही तेवढे लांब नाही. आणि संकरित मिरचीचे बी राखून उपयोग नसतो, कारण पुढल्या पिढीत तिचे गुण फुटून झाडे निरनिराळी निघतात.

"नाव सावकाश लिही, बाळा," ती म्हणते, "आधी मला त्या जुन्या मच्छरदाणीचं कापड काढून दे." नातू वही मिटतो. दोघे वाफ्याकडे जातात, आणि उत्तम अशी सहा झाडे निवडून, फुले उमलण्यापूर्वीच, त्यांच्याभोवती काठ्या रोवू लागतात.